सोमवारचा निरोप

"हात लावू नकोस," ग्लेनिस म्हणाली, "आणि दारात उभा राहून वारा अडवू नकोस."

एक्स-रेवाला डग एक पाऊल मागे सरला. "मी फक्त विचारतोय. सकाळपासून फोटो उघडायला इतका वेळ लागतोय, की तोवर पेशंटचं हाड आपोआप जुळून येईल."

इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ग्लेनिसला हसू आलं नाही. एक्स-रे साठवणाऱ्या समोरच्या मशिनमध्ये आठ डिस्क ओळीने बसवलेल्या होत्या. सातांवर हिरवा दिवा, तिसरीवर पिवळा. खाणीच्या या गावातली चौदा वर्षांची मोडलेली मनगटं आणि धुळीने भरलेली फुप्फुसं त्या आठांत साठवलेली होती. एक डिस्क गेली तरी बाकीच्या निभावून नेतात, दुसरी गेली की सगळंच गेलं. नक्कल सिडनीला जायची खरी, पण इथल्या मरतुकड्या इंटरनेट लाइनीमुळे ती दीड वर्ष मागे होती.

तिने मशिनची नोंद उघडली. तिसरी डिस्क एकोणीस दिवसांपूर्वीच गेली होती. त्याखाली कालची ओळ होती. पाचवी डिस्क, वाचताना चुका.

तिने मोबाइल काढून पाहिला; एकही निरोप नव्हता. काही बिघडलं की मशिन आपण होऊन मोबाइलवर निरोप धाडतं, ही सोय ट्रेव्ह हॉकिंगने करून ठेवली होती. ट्रेव्ह तिचा वरिष्ठ, दोन वर्षांपूर्वी वारला. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून ती तेव्हापासून चालली होती. गेल्याच महिन्यात 'निरोपाची सोय तपासली' या कागदावर तिने न तपासता सही ठोकली होती.

खणात एक नवी डिस्क होती. वर ट्रेव्हच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'फेकू नये'. ग्लेनिसने ती तिसरीच्या जागी सरकवली. पडद्यावर शून्य टक्के उमटलं. बाकीच्या डिस्कांवरून ती भरायला सहा तास लागणार होते, आणि तेवढा वेळ आजारी पाचवीलाही धावावं लागणार होतं.

"मी आज अगदी निकडीचेच फोटो काढतो," डग म्हणाला. आता तोही थट्टा करत नव्हता. "पण मग ते निरोप गेले कुठे?"

तिने सेटिंग उघडलं. यादीत एकच नंबर होता आणि तो तिला तोंडपाठ होता. ट्रेव्हचा. तुझी झोप कशाला मोडायची, म्हणायचा आणि तिचा नंबर त्याने कधी घातलाच नव्हता. शहाणा कुठला.

तो नंबर एव्हाना बंद झाला असणार, अशी तिची खात्री होती. तरी तिने लावला. दुसऱ्या रिंगला कुणीतरी उचलला.

"बोल, ग्लेनिस," ट्रेव्हची बायको मॉरीन म्हणाली.

"मॉरीन, हा फोन तू अजून चालू ठेवलायस?"

"रोज चार्जिंगला लावते. दर सोमवारी नऊला त्यावर यायचं ना, 'सर्व ठीक आहे.' तुमचं मशिन पाठवायचं."

सोमवारच्या निरोपाचं ट्रेव्हने ग्लेनिसला कधी सांगितलंच नव्हतं. "आणि हल्ली काय येतं?"

"तीन आठवडे होत आले, रोज येतंय. शब्द वेगळे आहेत, चष्मा लावून वाचले मी. वाटलं, तुलाही येत असतील." मग ती म्हणाली, "खोटं कशाला बोलू? कळवलं असतं तर तुम्ही नंबर काढून टाकला असता."

ग्लेनिसला राग आला, चांगलाच आला. पण ओठांवर आलेलं तिने गिळलं, कारण त्या कागदावरची सही मॉरीनची नव्हती.

"काही गेलं का गं?" मॉरीनने विचारलं.

"अजून नाही. चारला कळेल."

एकसष्ट टक्क्यांवर पाचवीचा दिवा पिवळा झाला. ग्लेनिस खुर्चीतून उठली आणि नुसतीच उभी राहिली, करण्यासारखं काही नव्हतंच. दिवा पुन्हा हिरवा झाला. डगने आणून दिलेलं मटण पॅटिस तिच्या टेबलावर तसंच गार झालं. चार वाजून दहा मिनिटांनी आठही दिवे हिरवे झाले, तेव्हा ती पहिल्यांदा पाणी प्यायली आणि तिने मॉरीनला फोन केला.

"वाचलं सगळं. पाचवी उद्या बदलते."

"मग आता माझा नंबर काढ."

"सोमवारचा तेवढा राहू देता येईल, मॉरीन. तो वेगळा ठेवता येतो."

"नको. तो बघायचा म्हणून मी एवढं दाबून ठेवलं. उद्या पुन्हा तसंच केलं तर? काढ तू."

ग्लेनिसने आपला आणि डगचा नंबर घातला. बिघाडाचा खोटा निरोप धाडून दोन्ही मोबाइल वाजतात हे स्वतः पाहिलं. मग ट्रेव्हचा नंबर पुसला.

सोमवारी नऊला तिचा मोबाइल वाजला. सर्व ठीक आहे. तिने ते वाचलं आणि ट्रेव्हचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काय म्हणतंय?" मॉरीनने विचारलं.

"ठीक आहे म्हणतंय."

"बरं," मॉरीन म्हणाली. "ठेवते मग."