गोजरबाईच्या शेतातले दोन महिने

त्या पौषात परतुरात उंदीर पडायला लागले, दवंडी फिरली आणि आठ दिवसांत गाव रिकामं झालं. प्लेगच्या भीतीनं जो तो रानात झोपडी घालून राहिला. तहसील कचेरीतले कारकून नरहरपंत यांना गोजरबाईच्या शेतात बांधालगत जागा मिळाली. सोबत नऊ वर्षांची तारा. तिची आई अरुंधती आदल्या वर्षी बाळंतपणात गेली, तेव्हापासून पंतांचं मन कशातच नव्हतं. कचेरीत उर्दू अर्ज लिहिताना तेवढा हात चालायचा. आता कचेरीही बंद पडली होती. दाढी वाढवून, गुडघे पोटाशी घेऊन ते झोपडीच्या तोंडाशी बसून राहत.

गोजरबाई पन्नाशीची, विधवा, हाडापेरानं मजबूत. दिराबरोबर शेत कसायची. आठव्या दिवशी ती बांधावर येऊन उभी राहिली.

"पंत, काय खाऊ घालून राह्यले पोरीला?"

"बहिणीनं दिलेल्या दशम्या आहेत. पाण्यात भिजवल्या की मऊ होतात."

"आठ दिसाच्या? पीठ हाय ना जवळ? मंग भाकरी करा."

"मला येत नाही."

"माझ्या हातची तुमच्यात चालायची न्हाई. मी इथं बाहेर बसते. मी सांगते तसं करा, बिलकुल सोपं हाय."

सोपं अजिबात नव्हतं. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरी तव्यावर घडी होऊन पडली. धुरानं पंतांचे डोळे गळायला लागले. "बाबा, ही भाकरी आहे का बेडूक?" असं म्हणून तारा खदखदून हसली. वर्षभरात तिचं हसू पंतांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी जिद्दीनं तिसरी थापली, ती बऱ्यापैकी फुगली. बापलेकीनं ती मिठातेलाशी गरमगरम खाल्ली आणि पंतांना आठवलं की आपल्याला भूक लागायची.

त्यानंतर बाईचं येणं रोजचं झालं. सकाळी झोपडीपुढं झाडून सडा टाकायचा, असं तिनं सांगितलं तेव्हा पंत चिडले.

"दोन महिन्यांची झोपडी! झाडायची कशाला?"

"दोन महिने काय कोनी वेगळे देऊन राह्यलं का, पंत? ते बी तुमच्याच आयुष्यातले."

पंतांनी झाडू हातात घेतला.

शेजारच्या झोपडीतला कचरू रोज कोण दगावलं याची बातमी नेमकी जेवणाच्या वेळेला आणायचा. बाईनं त्याला ठणकावलं, "जेवताना गाठीचं नाव काढायचं न्हाई. आधी खाऊ दे, मंग काय ते सांग." कचरू वरमला. पंतांनाही तिनं बजावलं की दिवस मावळायच्या आत कोणाशी तरी चार शब्द बोलायचेच, आणि पंत बोलायला लागले. आधी बाईच्या धाकानं, मग आपणहून. लोक आपले अर्ज, पत्रं घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. शाळू हुरड्यात आला तेव्हा त्यांनी दाढी केली.

आणि माघात एका सकाळी तारा उठलीच नाही. अंग तापलेलं, डोळे लाल. पंतांनी प्लेगची गाठ शोधत तिची काख चाचपली. कचरूनं दुपारपर्यंत आपली झोपडी पार विहिरीपलीकडे हलवली. गोजरबाई मात्र सरळ आत आली.

"गाठ हाय का?"

"नाही. अजून तरी नाही."

"मंग ताप हाय. तापाला तापासारखंच बघू. आन पोरीच्या उशाशी बसून रडायचं न्हाई. रडू आलं तर बांधावर जायाचं, तोंड धुऊन परत यायाचं."

पंत त्या दिवशी दोनदा बांधावर गेले. परत आले तेव्हा बाई घरून ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज घेऊन बसली होती. तिनं वाटी हातात तशीच धरली होती, विचारल्याशिवाय पुढं केली नाही. पंतांनी वाटीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं आणि सरकून तिला लेकीजवळ जागा करून दिली. ताराच्या पोटात पाच-सहा घोट गेले. उरलेली पेज बाईनं पंतांना दिली. तीही ते प्यायले.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताराला दरदरून घाम फुटला. ताप उतरला. साधा हिवताप होता. पंत उन्हात बाहेर येऊन उभे राहिले आणि कितीतरी वेळ नुसतं शेत बघत राहिले.

फाल्गुनात गावात परतायची दवंडी आली. गाडीत सामान भरताना पंतांनी विचारलं, "गोजरबाई, हे सगळं तुम्हाला कोणी शिकवलं?"

ती बैलाच्या गळ्यातलं दावं सारखं करत म्हणाली, "कोन शिकवनार? मागल्या मोठ्या साथीत माझी दोन लेकरं एका हप्त्यात गेल्ती. मी नुसती पडून असायची. उरलेला जलम कसा काढू, ते काही उमगंना. मंग म्हनलं, आजचा दिवस तेवढा बराबर काढू. उद्याचं उद्या. तसंच करत आले."

पंतांनी आजवर तहसीलदारांखेरीज कोणापुढं मान लववली नव्हती. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. ती लाजून दोन पावलं मागं सरली. "जावा आता जल्दी, ऊन चढून राह्यलं."

गाडी गावाच्या वाटेला लागली. "बाबा, घरी गेल्यावर आधी काय करायचं?" तारानं विचारलं.

"सगळ्या खिडक्या उघडू," पंत म्हणाले, "आणि मग तू मला तुझ्या आईचं एखादं गाणं म्हणून दाखव."

तारानं घरी पोचायची वाट पाहिली नाही. गाडीतच म्हणायला लागली.