माझी शेवटची सहा मिनिटं

“मिसेस बेल, त्या दिवशी तुम्ही तिथे होतात का?”

आश्लेषानं विचारलं आणि मागच्या सीटवरून तिचे मित्र, नीना आणि अक्षत, पुढे वाकले. पैज त्यांचीच होती. अमेरिकेतल्या एडिसन गावच्या त्या स्कूलबसमध्ये ड्रायव्हर मिसेस बेलना असलं काही विचारायची कुणाची छाती नव्हती. ‘तो दिवस’ म्हणजे १९६३च्या ऑगस्टमधला. त्या दिवशी काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या डॉ. किंग यांनी वॉशिंग्टनला लाखो लोकांसमोर आपल्या स्वप्नाचं भाषण केलं होतं.

“नाही, हनी,” मिसेस बेल म्हणाल्या. “मी एका गोऱ्या बाईंच्या घरी इस्त्री करत होते. रेडिओवर लागलं होतं. अगदी शेवट आला आणि बाईंनी येऊन रेडिओ बंद केला. फार गोंगाट होतोय म्हणाल्या.”

मित्रांनो, हे सगळं मी ड्रायव्हरशेजारच्या खणात पडून ऐकत होते. मी आहे एक कॅसेट, जवळजवळ तिशीला आलेली. अंगावर ओरखडे, लेबल कधीच गळून पडलेलं. पण पोटातली तपकिरी फीत तोवर धडधाकट होती. तोवर!

खरं सांगायचं तर त्या बंद झालेल्या रेडिओमुळेच माझा जन्म झाला. १९७४च्या जानेवारीत, डॉ. किंग यांच्या जयंतीला, एका रेडिओ स्टेशननं ते भाषण पुन्हा लावलं. मिसेस बेलची तेव्हाही ड्यूटी होती. म्हणून मिस्टर बेलनी चर्चच्या हॉलमध्ये रेडिओपुढे रेकॉर्डर ठेवला आणि त्यात मला घातलं. माझ्यावर नुसतं भाषण नव्हतं बरं का! जमलेली चाळीस माणसं होती. कुणी “येस सर!” म्हणत होतं, कुणी “सांगा, सांगा!” करत होतं, एक आजी प्रत्येक वाक्यामागून हुंकार देत होत्या. आणि सगळ्यात शेवटी, टाळ्या संपल्यावर, मिस्टर बेल अगदी जवळून बायकोला म्हणाले होते, “लोरेन, एक शब्दही सुटला नाही.”

मग त्यांनी माझ्या पाठीवरची प्लास्टिकची चिमुकली पट्टी नखानं मोडून टाकली. ती मोडली की कॅसेटवर पुन्हा काही रेकॉर्ड होत नाही.

पुढे मिस्टर बेल गेले. पण दर जानेवारीत मी बसमध्ये वाजायचे आणि शेवटचं वाक्य आलं की मिसेस बेल गाडी अगदी हळू चालवायच्या.

आश्लेषाला मी आधीपासून ओळखत होते. दीड वर्षापूर्वी नागपूरहून आली तेव्हा तोंड उघडायची नाही. २००१च्या सप्टेंबरमधला तो हल्ला होऊन गेल्यावर एका मुलानं तिला “तुझ्या देशात परत जा” म्हटलं, तर मिसेस बेलनी बस रस्त्याच्या कडेला उभी केली. तो मुलगा माफी मागेपर्यंत हलल्या नाहीत. तेव्हापासून आश्लेषा पुढच्या सीटवर बसते आणि आता तर तिची बडबड थांबता थांबत नाही! शाळेत शुक्रवारी होणाऱ्या किंग जयंतीच्या कार्यक्रमात तिला माझी शेवटची सहा मिनिटं ऐकवायची होती.

“शुक्रवारी परत दे,” एवढंच म्हणून मिसेस बेलनी मला तिच्या हातात ठेवलं. कधी कुणाला दिली नव्हती हो त्यांनी मला!

आश्लेषानं बुधवारी मला बरोब्बर शेवटच्या भागापाशी आणून थांबवलं. म्हणजे हॉलमध्ये शोधाशोध नको. आणि मला तशीच घरच्या रेकॉर्डरमध्ये ठेवून ती नीनाकडे पळाली.

तिच्या आईला, राधिकाला, शनिवारी मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात गायचं होतं. मंडळातले नंदूकाका पेटी घेऊन आले होते. ते साथ भरून देणार आणि राधिका ऑफिसला जाता-येता गाडीत रियाझ करणार, असा बेत होता.

“अहो, कोरी कॅसेट आहे का एखादी?”

“ही काय, आतच आहे. लेबलबिबल काही नाही हिच्यावर,” आश्लेषाचे बाबा गुरुनाथ म्हणाले.

“अरे, हिची पट्टी मोडलेली आहे,” नंदूकाकांनी दाखवलं. “रेकॉर्ड नाही व्हायची.”

“थांब यार, नागपूरला अशा किती कॅसेटी चालवल्यात मी!” म्हणत बाबांनी त्या खाचेवर चिकटपट्टी डकवली. खाच झाकली गेली आणि रेकॉर्डचं बटण खुशाल खाली गेलं.

मित्रांनो, मी किंचाळले असते. पण कॅसेटला स्वतःचा आवाज कुठे असतो? मी फिरत राहिले आणि माझ्यातली माणसं एकेक करून पुसली गेली. “सांगा, सांगा” म्हणणारे गेले. हुंकार देणाऱ्या आजी गेल्या. मी आतल्या आत जिवाच्या आकांतानं म्हणत होते, निदान ते शेवटचं वाक्य तरी राहू दे. दहा मिनिटं पेटी वाजली. नाही राहिलं.

गुरुवारी संध्याकाळी आश्लेषानं सुरुवातीपासून एकदा ऐकून बघायचं ठरवलं. भाषण चढत गेलं, हॉल जागा झाला, आणि... टक्. पेटीचा सूर. “हां वहिनी, घ्या!” नंदूकाका म्हणाले.

तिनं मला मागे नेलं. पुढे नेलं. उलटून घातलं. पुन्हा मागे.

“आई! बाबा!”

कळल्यावर राधिकानं स्वतः बटण दाबून पुन्हा ऐकलं. बाबांचा चेहरा उतरला. “भाषण काय गं, कुठेही मिळतं,” ते घाईनं म्हणाले. “सीडी आणून देऊ त्यांना.”

“भाषण मिळेल, बाबा. मिस्टर बेल कुठे मिळतील?”



“हे बघ, जुनी होती, खराब झाली म्हण,” बाबांचा आवाज खाली आला. “आपलं ग्रीन कार्डचं चाललंय. शाळेत गवगवा कशाला?” आणि खूण राहू नये म्हणून ते माझ्या पाठीवरची चिकटपट्टी नखानं सोडवायला लागले.

मित्रांनो, आता माझ्यात शेवट उरलेला नाही आणि तो कुणी परत आणू शकत नाही. पण तुमच्या घरात पट्टी मोडलेली कॅसेट दिसली, तर ती कुणीतरी मुद्दाम मोडलेली असते, एवढं ध्यानात ठेवा. तिच्यावर काही भरण्याआधी एकदा, फक्त एकदा, बटण दाबून ऐका.

आश्लेषानं मला बाबांच्या हातातून ओढून घेतलं.

“चिकटपट्टी काढायची नाही, बाबा! त्या बाईंनी रेडिओ बंद केला होता. आपण त्यावर पेटी वाजवली. उद्या बसमध्ये पाय ठेवला की मी सगळ्यात आधी मिसेस बेलना सांगणार आहे. तुम्ही चिकटपट्टी लावली तेही, आणि मी कॅसेट तशीच टाकून गेले तेही. बस साडेसातला येते. तुम्ही दोघं याल तर मला बरं वाटेल. नाही आलात तरी मी सांगणार आहे.”