बारा दगड आणि एक ट्रॅम्पोलिन

तरणतलावाच्या मागच्या खोलीत त्या मंगळवारी तेवीस माणसं बारा दगडांवर हात ठेवून डोळे मिटून उभी होती. उत्तरेच्या समुद्रकाठच्या आमच्या साल्तेरी गावाची वस्तीच एकशे चाळीस, तेव्हा याला जनसागर म्हणायला हरकत नाही. मी दारात पोछा घेऊन उभा होतो. तलावावर माझं काम एकच, अंघोळ केल्याशिवाय कोणालाही पाण्यात उतरू न देणं. श्रद्धेत उतरण्याबाबत असा काही नियम नव्हता.

"दोनशे वर्षांपूर्वी हे दगड जो उचलायचा, त्यालाच होडीत जागा मिळायची," केटिल घोगऱ्या आवाजात म्हणाला. चार महिन्यांपूर्वी तो हे दगड व्हॅनमध्ये घालून गावात आला होता. "त्या वल्हेकऱ्यांची ताकद यात मुरलीय. ती आता तुमच्या अंगात उतरतेय. जाणवतंय?"

"मला गार जाणवतंय," निवृत्त कॅप्टन एविन्दुर म्हणाला.

"तीच ती!"

हात लावून झाला की दगडाचे आभार मानायचे. तो छातीशी धरून आठ वेळा खुर्चीत बसून उठायचं, आठ वेळा तो पुढे ढकलायचा, वाकून आठ वेळा पोटाशी ओढायचा, मग दारापर्यंत नेऊन आणायचा. वीस मिनिटांत सगळं उरकायचं. आठवड्यातून दोनदाच, कारण दगड थकतो. दर पंधरवड्याला केटिल डोळे मिटून सांगायचा की दगड तुमच्यावर प्रसन्न आहे, आणि पुढचा जड दगड हातात द्यायचा. कॅप्टन मात्र नुसता हात लावून घरी जायचा. "चाळीस वर्षांत बायकोचे आभार मानले नाहीत," तो म्हणायचा, "दगडाचे कुठून मानू?"

वैताग हा, की गुण येत होता. माझी हल्बेरा आत्या एकाहत्तर वर्षांची. गेल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून तिच्या मांडीचं हाड मोडलं, आणि नंतर खुर्चीतून उठायला तिला माझा खांदा लागायचा. आता ती हात न टेकता उठायची आणि वर मलाच विचारायची, "काय रे ओर्वर, म्हातारा झालास का?"

मग त्याच मंगळवारी केटिलनं जाहीर केलं की पुढच्या आठवड्यात तो दगड घेऊन पलीकडच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरामागच्या खाडीत, जाणार. "दगड दूर गेला की ताकद ओसरते. ज्यांना टिकवायचीय त्यांच्यासाठी मी कपच्या काढून देईन. देणगी ऐच्छिक आहे, पण दगडाला आकडा माहीत आहे."

आत्या घरी गेली आणि खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशीही बसलेलीच होती.

"आत्या, उठ की."

"नाही रे. चाललीय ती. गुडघ्यातून निघताना कळतंय मला."

शुक्रवारी नगरपालिकेची बाई तिला तपासायला येणार होती. आत्या आधाराशिवाय खुर्चीतून उठली तर तिनं टेकडीवरच्या स्वतःच्या घरात राहायचं. नाही उठली तर तीन फ्योर्ड पलीकडच्या वृद्धाश्रमात.

माझ्याकडे एक कबुली होती, आणि ती द्यायचा मला भयंकर कंटाळा आला होता.

गुरुवारी दगडांचा शेवटचा दिवस होता. मी आत्याला गाडीत घालून आणलं, तिचा दगड मांडीवर देऊन खुर्चीत बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "हे दगड ते दगड नाहीत."

केटिल हसला. "पोरा, मी यांचा श्वास ओळखतो."

"सहा आठवड्यांपूर्वी वादळ आलं. तलावाशेजारची पोरांची उड्या मारायची ट्रॅम्पोलिन उडू नये म्हणून मी तिच्यावर तुमचे बाराही दगड ठेवले. ट्रॅम्पोलिन गेली. दगडांसकट. समुद्रात."

ट्रॅम्पोलिन गेल्याचं सगळ्यांनाच वाईट वाटलं.

"मग पार्किंगच्या कडेचे बारा दगड आणले. तुम्ही भिंतीवर खडूनं लिहिलेली वजनं मासळीच्या कारखान्यातल्या काट्यावर जुळवली. आत्याच्या मांडीवरच्या ह्यावर अजून पिवळा पट्टा आहे बघा."

"ती वल्हेकऱ्यांची खूण आहे असं केटिल म्हणाले होते!" बेकरीवाली म्हणाली.

तेवढ्यात शाळेतल्या व्यायामाच्या बाई, रान्वेग, वही घेऊन पुढे झाल्या. त्या पहिल्या दिवसापासून भिंतीवरच्या घड्याळावर मोजत होत्या की अर्ध्या मिनिटात कोण खुर्चीतून किती वेळा उठतं. "हल्बेरा, सुरुवातीला तू हात टेकून चार वेळा उठायचीस. वादळाच्या आठवड्यात हात न टेकता आठ वेळा. परवा बारा वेळा. दगड बदलले, पण तू वाढतच राहिलीस. आणि कॅप्टन, तुम्ही चार महिने नुसता हात लावलात."

"मग?"

"तेव्हा नऊ. आजही नऊ."

"माझ्या वाट्याचं कुठे गेलं?" कॅप्टननं केटिलला विचारलं.

केटिल स्टुलावर बसला. त्याचा घोगरा आवाज एकदम साधा झाला. "राजधानीत माझी व्यायामशाळा होती. बाहेर पाटी होती, वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, सगळ्या अंगाचा व्यायाम, नवख्याला एवढं पुरतं. वर्षात तीन जण आले. त्यातला एक शौचालय विचारायला आला होता. मग मी दगड आणले."

"म्हणजे खरं सांगितलं तेव्हा कोणी आलं नाही," रान्वेगबाई म्हणाल्या.

"मग खोटं सांगून त्यांचीच ताकद कपच्या करून त्यांच्याच गळ्यात मारणार होतात," मी म्हणालो. "आत्या परवापासून खुर्चीतून उठलेली नाही."

त्यानं कपच्या काढायची छिन्नी खिशातून काढून स्टुलाखाली ठेवली.

रान्वेगबाईंनी साधं सांगितलं. ज्यानं कधी वजन उचललेलं नाही, त्याचं शरीर थोड्याशा कामालाही लगेच दाद देतं. पाय, पाठ, छाती, हात, सगळ्यांना आठवड्यातून दोनदा काम द्यायचं, मधे विश्रांती घ्यायची, झेपेल तसं वजन वाढवायचं. थकतो तो स्नायू, दगड नाही. पुढे पुढे वाढ मंदावते, आणि सोडून दिलं की कमावलेलं जातं. दगड गेल्यानं काही जात नाही.

आत्या माझ्याकडे बघत होती. "पार्किंगचा दगड?"

"हो."

"ज्याला कुत्री..."

"हो, आत्या. मी धुतला होता."

तिनं मांडीवरचा तो पिवळ्या पट्ट्याचा दगड खाली जमिनीवर ठेवला. हात छातीशी घेतले. आणि उठली. मग बसली, पुन्हा उठली. रान्वेगबाई मोजत होत्या. बारा झाले तरी आत्या थांबली नाही.

लोकहो, तुमच्या अंगात आलेल्या बळाचं श्रेय कोणी मागायला आला, तर त्याला एकच विचारा. दगड बदलून पाहिलास का? आणि नुसता हात लावणाऱ्याचं काय झालं? तो चिडला, तर उत्तर मिळालं समजा.

शुक्रवारी बाई आली. आत्यानं दार स्वतः उघडलं, तिला कॉफी दिली आणि ती खुर्चीतून इतक्या वेळा उठली, की शेवटी बाईच म्हणाली, "आजी, बसा हो आता."

मंगळवारी तलावावर रान्वेगबाईंच्या मोजणीला सात जण आले. तेवीस नाही. सातवा कॅप्टन होता. आभार मानणार नाही म्हणाला, पण आठ वेळा उठला.