गौरींच्या पेटीतली तीनशे मतं

मित्रांनो, माणूस भित्रा असला तर चालेल, पण विवेकसारखा नीटनेटका भित्रा नसावा. मी त्याच्याच घरची एक जुनी पत्र्याची पेटी आहे. त्याच्या आजीने मला साताऱ्यात बनवून घेतलं. शिक्षण विचाराल, तर झाकणावर रंगवलेलं तिचं नाव, तेवढंच. पण चाळीस वर्षं गौरींचे मुखवटे सांभाळले, एकाचा टवका उडू दिला नाही. मग परदेशी, क्रेगीबर्नच्या गराजमध्ये राहिले, तरी कडी गंजू दिली नाही.

शेजारच्या मरियमच्या देशातला हुकूमशहा पळाला. कायदे लिहायला तिथे नवी सभा बसणार होती. इथल्या तिच्या लोकांनी एक माणूस निवडून पाठवायचा होता. पण त्यांच्यात डोंगरवाले आणि किनारेवाले; एकमेकांच्या हातचं पाणी पीत नाहीत. एकाची पेटी दुसऱ्याला चालेना. मरियम विवेकच्या बायकोला, शोभाला म्हणाली, "तुमची द्या. तुम्ही कुणाचेच नाही."

गौरी बसल्या होत्या, मी रिकामीच होते. माझ्या झाकणाला फट कापली. दुखलं, पण मिरवले.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या हॉलबाहेर, इथल्या रिवाजाप्रमाणे, सॉसेज भाजायला शेगड्या दोन, रांगाही दोन. तोंड मात्र एकच, माझं. एका म्हातारीने आयुष्यातलं पहिलं मत कपाळाला लावून आत सोडलं. कुलपाची किल्ली दोन्ही बाजूंच्या संमतीने विवेककडे.

मोजणीआधीच भांडण पेटलं.

"तुमची क्लेटन भागातली पोरं दोनदा मत टाकून गेली!"

"आणि तुम्ही तर मेलेले उठवून आणलेत!"

विवेक म्हणाला, "नो वरीज, तुमचं ठरलं की सांगा." आणि मला घेऊन घरी आला.

दोन दिवसांनी शोभा म्हणाली, "अरे, गौरी गेल्या. मुखवटे कुठे ठेवू?"

"थांब, करतो रिकामी."

तीनशे मतं रद्दीच्या बिनमध्ये गेली.

आठवड्याने मरियम आली, दोन्हीकडचा एकेक म्हातारा घेऊन. पहिल्यांदाच दोघे एका गाडीतून. "ठरलं एकदाचं. उघडा."

मला उघडलं. आत गौरींचे मुखवटे.

विवेक म्हणाला, "मला वाटलं, तुमचं जमणारच नाही."

म्हातारे परत गेले ते दोन टॅक्सींनी. सभेतली त्यांची खुर्ची रिकामीच राहिली.

मित्रांनो, दुसऱ्याची ठेव सांभाळता येत नसेल तर किल्ली घेऊ नका. माझ्या फटीवर आता चिकटपट्टी आहे. तरी कडी वाजवून त्याला तोंडावर सांगते:

"विवेक, हुकूमशहाने तीस वर्षं त्यांना मत देऊ दिलं नाही. तू दिलेलं फेकलंस. तुझ्यापेक्षा तो बरा. तो स्वतःला शेजारी तरी म्हणवत नव्हता."