भाग्यश्रीचा ओठ जागा होईपर्यंत

मी माऊथऑर्गन बोलतोय. माझ्या भोकांत फुंकलं की एक सूर निघतो आणि आत श्वास ओढला की दुसरा. फुंकणं आणि ओढणं, दोन्ही असल्याशिवाय माझं पान हलत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढची सगळी पंचाईत त्यातूनच झाली.

वाशिमच्या एका दुकानातून मला रंगरावांनी घेतलं. ते एसटीत कंडक्टर होते. गाडी डेपोत थांबली की ड्रायव्हर चहाला जायचा आणि रंगराव मला खिशातून काढायचे. घरी आले की त्यांची लेक भाग्यश्री मला पळवायची. आई लवकर गेलेली, त्यामुळे घरात ही दोघंच, आणि तिसरा मी.

पुढं रंगरावांचे दात गेले, कवळी आली. ती घालून वाजवायला गेले, तर कवळीच माझ्या पत्र्यावर खटखट आपटायला लागली. "हा आता तुहा," म्हणाले आणि मला लेकीच्या हातात देऊन मोकळे झाले. पुन्हा कधी हात लावला नाही.

भाग्यश्रीला खराडीत नोकरी लागली. राहायला वारजे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आनंदीबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. एवढ्या लांबून दमून आली की पर्स टाकायची आणि मला तोंडाला लावायची. तिचा दिवस कसा गेला ते मला पहिल्या श्वासातच कळायचं.

एकदा मात्र तिनं मला नुसतं टेकवलं आणि कळवळून बाजूला केलं. उजवीकडची खालची अक्कलदाढ सुजली होती. आम्ही कर्वेनगरला डॉक्टर शर्मिलांकडे गेलो. मी पर्समध्ये होतो.

"दाढ आडवी आहे, आणि मुळं नसेला खेटलेली आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "काढल्यावर ओठ काही काळ बधिर राहू शकतो. बहुतेकांचा परत येतो."

"मी माऊथऑर्गन वाजवते," भाग्यश्री म्हणाली.

"मग काही आठवडे त्याला विसरा. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच आतली मलमपट्टी. फुंकलंत, ओढलंत, थुंकलात किंवा स्ट्रॉनं काही प्यायलात तर ती निघून येईल. आणि मग जे ठणकेल, त्याला मला जबाबदार धरू नका."

लेकीची दाढ काढायची म्हणून रंगराव गावाहून आले. दाढ निघाल्यावर डॉक्टरांनी दिलेला कापसाचा बोळा ती दाताखाली दाबून बसली, तेव्हा तिच्यापेक्षा त्यांचाच जबडा जास्त आवळलेला होता. घरी आल्यावर टॉवेलात बर्फ गुंडाळून तिच्या गालाला धरला. पहिला दिवस चूळ भरायची नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मिठाचं कोमट पाणी. तेही खळखळवायचं नाही, तोंडात धरायचं, मान कलती करायची आणि आपोआप सांडू द्यायचं. रंगराव शेजारी उभे राहून स्वतःची मान कलती करून दाखवायचे.

सूज आधी वाढली, मग उतरली. तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. रंगरावांनी जन्मात कधी बिनतिखटाचं वरण केलं नव्हतं, ते केलं. एक घास चाखला आणि म्हणाले, "दवाई समजून खाय, पोरी." आनंदीबाई खालून गार आंबील पाठवायच्या.

टाके विरघळले. खड्डा हळूहळू भरू लागला. जीभ सारखी तिथंच जायची आणि भाग्यश्री तिला दटावून परत आणायची. पण ओठाचा उजवा अर्धा भाग जागा होईना. आंबील पिताना ती हनुवटीवर ओघळायची आणि हिला पत्ता नसायचा. रंगराव रुमाल पुढं करायचे, ही चिडून तोंड फिरवायची.

एकदा वडील आंघोळीला गेलेले पाहून तिनं मला काढलं. वाजवलं नाही, नुसता माझा गार पत्रा ओठावरून फिरवला. डावीकडे ती शहारली. उजवीकडे मी जणू भिंतीला टेकलो होतो. तिनं मला खणात ठेवलं आणि खण घट्ट लावून टाकला. वडिलांना काही बोलली नाही.

रंगरावांना काही सांगावं लागत नव्हतं. एका दुपारी त्यांनीच खण उघडला, मला धोतराच्या सोग्याला पुसलं आणि कवळी काढून वाटीत ठेवली. इतक्या वर्षांनी त्यांचे ओठ मला लागले. मऊ, सुरकुतलेले, आधाराला दात नसलेले. सुरापेक्षा वाराच जास्त निघाला. जो सूर निघाला तोही भलताच.

खालून आनंदीबाईंचा आवाज आला, "रंगराव, आमचा कुत्रा पलंगाखाली जाऊन बसलाय. वाजवा, पर दार लावून वाजवा."

भाग्यश्रीला हसू फुटलं. गाल धरून ती म्हणाली, "बाबा, हसवू नका, दुखतंय." आणि हसता हसता रडायला लागली. "बाबा, अर्धा ओठ माझा मला लागतच नाही. परत आलाच नाही तर?"

रंगरावांनी मला मांडीवर ठेवलं. "दात गेले तवा मले वाटलं, आता सपलं. एकदा बी करून पाह्यलं नाही. आज पाह्यलं तं वाजते थोडंसं. मी उगाच सोडलं होतं," ते म्हणाले. "तुहा ओठ येईन. नाही आला तं आपण दोघं नव्यानं शिकू. मी बोळक्यानं, तू अर्ध्या ओठानं."

पुढच्या तपासणीत भाग्यश्रीनं सांगितलं, ओठात मुंग्या येतात. "नस जागी होतेय," डॉक्टर म्हणाल्या. "वेळ लागेल. आणि आता वाजवायला हरकत नाही."

त्या संध्याकाळी तिनं मला डावीकडे जरा कलतं धरलं. उजव्या कोपऱ्यातून हवा निसटत होती, दोन सूर एकदम वाजत होते. तरी ती थांबली नाही. रंगराव डोळे मिटून ऐकत बसले.

ते परत निघाले तेव्हा त्यांना गाडीत बसवताना तिनं मला त्यांच्या खिशात घातलं. "मी नवा घेईन, हा तुमचाच आहे," म्हणाली.

आता मी वाशिमला असतो. रंगराव मला बोळक्यानं वाजवतात आणि भाग्यश्री फोनवर चुका काढते. परवा त्यांचं गाणं मध्येच थांबवून ती म्हणाली, "बाबा, आज चहाचा चटका बसला. ओठाच्या उजव्या कोपऱ्याला."

रंगरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाले, "फुंकून पेत जाय ना मंग." आणि मला छातीशी धरून बसून राहिले.

तुमच्या घरच्या एखाद्या खणात माझा कुणी भाऊबंद पडून असेल, तर त्याला एकदा बाहेर काढा. वाजवणाऱ्याला दात आहेत का, ओठ पुरता जागा आहे का, हे आम्ही विचारत नाही. श्वास आला की आम्ही आमच्या परीनं बोलतो.