चौथा भाग विहिणीकडे

वडनेर भोलजीच्या सत्यभामाबाईंना वाचनाची लागण झाली ती सुनेमुळे. डिंपल खामगावची. इतर सुना माहेराहून येताना लोणचं-पापड आणतात, ही पुस्तकं आणायची. त्यांत एका घराण्याच्या चार पिढ्यांची कादंबरी होती, चार जाडजूड भागांची. सत्यभामाबाईंनी पहिला भाग सहज म्हणून उघडला आणि भेंडी तोडणाऱ्या बाया दारात येऊन खोळंबल्या तरी बाई काही त्या घराण्यातून बाहेर येईनात. एकदा त्या जेवता जेवता एकदम म्हणाल्या, "धाकटीचं काही खरं नाही आता." हिंमतरावांचा घास हातातच राहिला. नवऱ्याला दोन धाकट्या बहिणी आहेत हे बाई पार विसरल्या होत्या.

तिसऱ्या भागाच्या शेवटी ही धाकटी रणरणत्या उन्हात बारा कोस चालून थोरल्या बहिणीच्या दारी येते, कडी वाजवते. थोरली आत असते, पण दार उघडत नाही. आणि भाग संपतो! सत्यभामाबाईंचा जीव टांगणीला लागला.

"चौथा भाग कुठी हाये वो?"

"मम्मीजवळ," डिंपल म्हणाली. "मम्मी म्हने, ज्याले पाय्जे त्यानं सोता येऊन न्यावा."

इथेच माशी शिंकली. डिंपलची मम्मी म्हणजे छायाबाई, सत्यभामाबाईंची विहीण. दोन वर्षांपासून दोघींचं बोलणं बंद होतं. लग्नात विहिणीच्या पंगतीला वरमायेला बोलवायला नवरीची आई स्वतः कुंकवाचं ताट घेऊन येते, त्याशिवाय वरमाय जागची हलत नाही. सत्यभामाबाई मांडवात ऊन कलेपर्यंत बसून राहिल्या. छायाबाई आल्याच नाहीत. शेवटी सत्यभामाबाई तांब्याभर पाणी पिऊन गाडीत जाऊन बसल्या. तेव्हापासून त्यांनी खामगावात पाऊल ठेवलं नव्हतं. डोळ्यांचा डॉक्टरसुद्धा मलकापूरचा केला होता.

मन रमवायला म्हणून त्यांनी डिंपलची बाकीची पुस्तकं उघडली. उडणारे घोडे, बोलणारे कोल्हे आणि सोळा वर्षांची पोरगी राज्य वाचवते आहे. "हिची माय कुठं गेली?" सत्यभामाबाई चिडून म्हणाल्या. "पोरगी तीन दिवस जंगलात, जेवली का नाही कोनी पुसत नाही!" चिडल्या खऱ्या, पण पुस्तक दोन दिवसांत संपवलं.

"पाहा ना आई, तिनं तलवार बाहेर ठेवली अन् एकटी गेली दुश्मनाच्या किल्ल्यात," डिंपलनं हळूच खडा टाकला.

"तिले काय होते जायले? तिले ईनबाई नाही ना!"

पण आठ दिवसांनी हिंमतरावांना मलकापूर सांगून त्या उलट्या दिशेच्या, खामगावच्या बसमध्ये चढल्या. रिकाम्या हातानं जायचं कसं, म्हणून पिशवीत मळ्यातली वांगी घेतली.

छायाबाईंनी दार उघडलं. पाणी दिलं, चहा झाला, वांग्यांची तारीफ झाली. शेवटी सत्यभामाबाईंच्यानं राहवेना.

"थोरलीनं दार काऊन नाही उघडलं वो?"

"पीठ नव्हतं तिच्या घरात," छायाबाई म्हणाल्या. "बहीन बारा कोस चालून आली, तिच्यापुढं ठेवन काय? कोन्त्या तोंडानं दार उघडन?"

"असं लिवलं हाये चौथ्या भागात?"

"नाही. चौथ्या भागात थोरली मरते. कोनालेच सांगत नाही."

"घ्या! सांगून टाकलं!" सत्यभामाबाई कळवळल्या. "मंग तुमाले कसं मालूम?"

छायाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "लग्नाच्या दिवशी कनकीच्या बट्ट्या सरल्या होत्या, ईनबाई. वरन होतं, भाजी होती, बट्टी एक नव्हती. ताट घेऊन मी दोनदा मांडवाच्या खांबापर्यंत आली अन् वापस गेली. नव्या बट्ट्या निघाल्या तवा तुमची गाडी निंघून गेली होती."

"सरल्या कशा? लग्नघरी..." सत्यभामाबाईंचा आवाज चढला आणि मध्येच बसला. दोनशे माणसं येतील असा निरोप त्यांचाच होता. मग भजनी मंडळ रुसलं, ते घेतलं. नांदुऱ्याची मंडळी घेतली. अख्खी आळी ट्रकात बसली. वऱ्हाड पाहून लोकांनी तोंडात बोटं घातली तेव्हा बाईंना केवढा अभिमान वाटला होता!

"किती जन आलो होतो आमी?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाव्हन्यायले मोजते काय कोनी?"

हे ऐकून सत्यभामाबाईंना रडूच कोसळलं. "मी मोजले होते ना! चारशे दहा! दोनशे सांगून चारशे दहा आनले, अन् दोन वरसं तुमाले शिव्या देल्या!"

छायाबाई उडाल्याच. "चारशे दहा? अवो, मी त पुंजाजीले चोर समजली! माया मामेभाऊ हाये तो, त्यानंच सैपाक केला होता. मले वाटलं कनिक घरी नेली यानं. दोन वरसं बोलली नाही मी त्याच्यासंगं. त्याच्या पोरीच्या लग्नालेबी गेली नाही!"

"उठा," छायाबाई म्हणाल्या. "मागच्या गल्लीतच राह्यते. हे चारशे दहा तुमच्याच तोंडानं सांगजा त्याले."

सत्यभामाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि मुकाट्यानं चपला घातल्या.