पहिल्या फुलपाखराची नोंद

पहिलं फुलपाखरू दिसल्याशिवाय बाबा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेणार नव्हते. तारीख दोनदा पुढे ढकलून झाली होती. आता टाळलं तर दृष्टी हातची जाईल, असं डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. येता गुरुवार शेवटचा.

गेली सव्वीस वर्षं बाबा खिडकीत बसून वसंतातलं पहिलं फुलपाखरू वहीत टिपतात. तारीख, तापमान, वारा. नियम एकच: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तरच नोंद. यंदा थंडी हटायचं नाव घेईना, म्हणून फुलपाखरं नाहीत, म्हणून ऑपरेशन नाही. मी शिवणकाम करून घर चालवते, हवामानाशी हुज्जत घालायला मला वेळ नाही. भावाला फोन केला तर म्हणाला, "तू घे ना सांभाळून." घेतेच आहे. दुसरं काय करते मी?

शेवटी माझं डोकं फिरलं. कुंडीतल्या लिंबावर एक कोश होता. ती डहाळी कापून आणली आणि इस्त्रीच्या टेबलाजवळ, उबेला ठेवली. सहाव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, फुलपाखरू बाहेर आलं. पंख वाळल्यावर डहाळीसकट त्याला बाबांच्या खिडकीत ठेवलं, हातभर अंतरावर. काळं-पिवळं, चांगलं मोठं. लबाडी होती, पण मला जराही लाज वाटली नाही.

"बाबा, खिडकीत बघा."

बाबांनी चष्मा पुसून नीट पाहिलं. "बघतोय ना. अजून आठवडाभर तरी नाही. बारा अंशांत कोण बाहेर पडतंय?"

मला वाटलं, मुद्दाम करतायत. तेवढ्यात ऊन आलं. फुलपाखराने पंख उघडले, दोनदा हलवले आणि बाबांच्या नाकासमोरून उडून गेलं. बाबा थंडीबद्दलच बोलत होते.

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी वही उचलली. गेल्या वर्षीची नोंद ओळीवर ओळ चढलेली होती, आणि मी ती वर्षभर उघडून पाहिली नव्हती.

"बाबा, आत्ता एक गेलं. तुमच्या समोरून."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. मग हळूच म्हणाले, "मोठं होतं?"

"मोठं. काळं-पिवळं."

त्यांनी चाचपडत पेन माझ्यापुढे धरलं. "तूच लिही. तुला दिसलं म्हणून लिही. आणि खाली गुरुवार लिहून ठेव."

मी लिहिलं. इस्त्रीचं त्यांना ऑपरेशननंतर सांगेन. मग हवं तर नोंद स्वतःच्या हाताने खोडू देत, अगदी ओळीवरून सरळ.